जळालेले आणि पचलेले

अन्नातील उष्मांक कसे मोजतात, हे समजावणारा आपल्या विज्ञान पुरवणीतील लेख वाचला. उपकरणाचे वर्णन नेमके आहे. मात्र उष्मांकमापीत, म्हणजे बाँब कॅलरीमीटरमध्ये, आलेला आकडाच वेष्टनावर छापतात, हे त्यातील विधान दुरुस्त व्हायला हवे. बाँब कॅलरीमीटरच्या पोलादी भांड्यात वाळवलेला नमुना सुमारे ३० पट वातावरणीय दाबाच्या ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळतात आणि भोवतालच्या पाण्याचे तापमान किती चढले, यावरून उष्णता काढतात. तेथे एक ग्रॅम प्रथिनापासून सुमारे ५.६५ किलोकॅलरी मिळतात. शरीर मात्र त्यातील नायट्रोजन युरियाच्या रूपाने बाहेर टाकते, त्याबरोबर काही ऊर्जाही जाते, शिवाय सगळे प्रथिन पचतही नाही. म्हणून हिशेबात ४ धरतात. तंतुमय पदार्थांचे तर विचारायलाच नको: भांड्यात ते पुरते जळतात, आतड्यातून बरेचसे न पचताच पुढे जातात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नाबरोबर माणसांच्या मलमूत्रातील ऊर्जाही मोजली, हे त्यांचे मोठेपण. कर्बोदकांना ४, स्निग्धांना ९ आणि प्रथिनांना ४ हे ग्रॅममागे किलोकॅलरींचे गुणक त्यातूनच आले आणि वेष्टनावरील आकडा बहुधा त्यांवरूनच काढलेला असतो. पथ्याचा हिशेब त्या आकड्यावर ठेवणाऱ्या वाचकांसाठी हा खुलासा पुढील पुरवणीत जरूर छापावा, ही विनंती.

– एक वाचक