सत्र ऐकणार कोण? मनोविकार नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रशिक्षणाबाबत आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय : मनोविकार विभागातील नर्स प्रॅक्टिशनरना वैयक्तिक सायकोथेरपीचे प्रशिक्षण देताना पर्यवेक्षणाची तरतूद करण्याबाबत

महोदय,

मनोविकार विभागातील परिचारिकांना, विशेषतः नर्स प्रॅक्टिशनर म्हणून तपासणीची आणि औषधोपचाराची जबाबदारी घेणाऱ्यांना, वैयक्तिक सायकोथेरपी शिकवावी असे कोणी सुचवले की बैठकीत पहिला प्रश्न हमखास एकच येतो : प्रशिक्षण किती दिवसांचे? मी अनेक वर्षे मनोविकार परिचर्या शिकवते आणि स्वतः रुग्णही पाहते. या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळदा दिले आहे आणि दर वेळी आपण भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत बसलो आहोत असे मला वाटत आले आहे. वर्ग संपल्यावर ती परिचारिका पहिल्या रुग्णासमोर एकटी बसेल, तेव्हा त्या खोलीत काय बोलले गेले ते ऐकून तिला चूक-बरोबर सांगणारे कोण असेल, हे खरे तर आधी विचारायला हवे. या पत्राचे कारण तेवढेच आहे.

आधी एक शब्दाचा घोळ दूर करते. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपण मराठीत सर्रास मानसोपचारतज्ज्ञ म्हणतो. त्यामुळे बोलण्यातून होणाऱ्या उपचाराला स्वतःचे नावच उरत नाही आणि तो ‘समुपदेशन’ या सैल शब्दात कोंबला जातो. धीर देणे, आजाराची माहिती देणे, नातेवाइकांची समजूत घालणे ही कामे प्रत्येक परिचारिका रोज करते आणि ती मोलाचीच आहेत. सायकोथेरपी त्याहून वेगळी आहे. एकाच रुग्णाबरोबर, ठरलेल्या वेळी, ठरावीक सत्रांमध्ये, काय साधायचे हे दोघांनी मिळून ठरवून, विशिष्ट पद्धतीने आणि प्रगती मोजत केलेला तो उपचार असतो. आदेशात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले, तर प्रशिक्षणाचा दर्जा तिथेच घसरेल.

हे काम परिचारिकांना जमेल का, ही शंका जुनी आहे आणि तिचे उत्तरही जुने आहे. अमेरिकेतील हिल्डेगार्ड पेपलॉ या परिचारिकेने परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन आहे असे मांडणारे पुस्तक 1948 मध्ये लिहून पूर्ण केले होते. पण सोबत डॉक्टरचे नाव नसताना एका परिचारिकेने असे पुस्तक काढावे हे त्या काळी फारच धाडसाचे मानले गेले, आणि ते छापून यायला 1952 साल उजाडले. त्यानंतर रटगर्स विद्यापीठात त्यांनी मनोविकार परिचर्येतील विशेष तज्ज्ञ घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. रुग्णाशी झालेला संवाद विद्यार्थिनींनी शब्दशः लिहून आणायचा आणि मग शिक्षकासमोर तो उलगडायचा, ही त्यांच्या शिकवण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ध्वनिमुद्रण सहज हाताशी नव्हते, तेव्हाही ‘काय बोललीस ते दाखव’ हा आग्रह होता.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आयझॅक मार्क्स या मनोविकारतज्ज्ञांनी 1972 च्या सुमारास मोजक्या परिचारिका निवडून त्यांना वर्तनोपचार शिकवायला घेतले. भयगंड, मंत्रचळ (नको असलेले विचार आणि त्यांपायी तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार, ओसीडी) अशा आजारांच्या रुग्णांवर त्या स्वतः उपचार करू लागल्या आणि मानसशास्त्रज्ञ किंवा डॉक्टर यांच्या तोडीचे परिणाम त्यांनी दाखवले. हे प्रशिक्षण 18 महिन्यांचे होते, आणि त्या काळात त्यांनी मुख्यतः देखरेखीखाली रुग्ण पाहिले.

ही देखरेख म्हणजे तपासनीस नेमणे नव्हे. ती कशासाठी लागते हे माझ्याच एका चुकीवरून सांगते. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मंत्रचळाचा एक तरुण रुग्ण माझ्याकडे आला होता. आपल्या हातून कोणाला तरी विषबाधा होईल या भीतीने तो दिवसभर हात आणि भांडी धूत असे. पुस्तकातली पद्धत मला तोंडपाठ होती : भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि त्यानंतर धुण्याची क्रिया करायची नाही. तो प्रत्येक सत्रात मन लावून बोलत असे आणि जाताना हलका होऊन जात असे. मी खूश होते. सहाव्या सत्राचे ध्वनिमुद्रण माझ्या पर्यवेक्षकांनी ऐकले, मध्येच थांबवले आणि विचारले, ‘सिस्टर, या अर्ध्या तासात तुम्ही त्याला किती वेळा म्हणालात की काही होणार नाही?’ आम्ही मोजले, तर अकरा वेळा. तो मला पुन्हापुन्हा विचारत होता आणि मी मायेने उत्तर देत होते. माझे आश्वासन हेच त्याचे नवे हात धुणे झाले होते. आजाराला मीच खतपाणी घालत होते, आणि वर त्याला उपचार समजत होते.

ही चूक मला एकटीला कधीच कळली नसती, कारण ती माझ्या अज्ञानातून आलेली नव्हती. वॉर्डात अंगी मुरलेल्या चांगुलपणातून ती आली होती. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा, रडणाऱ्याला लगेच पाणी द्यायचे, अडचण दिसली की सल्ला द्यायचा, शांतता पसरली की काही तरी बोलून ती भरून काढायची, हे परिचारिकेच्या हाडीमांसी खिळलेले असते आणि वॉर्डात ते योग्यही असते. सायकोथेरपीच्या खोलीत मात्र हेच गुण कित्येकदा आड येतात. रुग्णाला त्याची भीती पूर्ण अनुभवू द्यावी लागते, रडणे पुरे होऊ द्यावे लागते, सल्ला ओठांवर आला तरी गिळावा लागतो. हे व्याख्यानात सांगून समजते, पण जमत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वेदनेजवळ न बिचकता बसणे, विस्कळीत बोलण्यातला धागा पकडणे, झोप, भूक, औषधांचे दुष्परिणाम आणि घरातले ताण एकत्र पाहणे, आत्महत्येचा विचार रुग्णाला थेट विचारणे, या गोष्टी मानसशास्त्राच्या पदवीधराला शिकायला वर्षे लागतात. अनुभवी परिचारिका त्या सोबत घेऊनच येते. नर्स प्रॅक्टिशनरच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. ‘गोळीने मला बधिर वाटते’ हे वाक्य एकाच सत्रात औषधाविषयी आणि मनाविषयी अशा दोन्ही अर्थांनी ऐकता येईल अशी ती व्यक्ती असते. म्हणूनच या प्रशिक्षणाच्या मी बाजूने आहे. ते स्वस्तात उरकण्याला मात्र माझा विरोध आहे.

स्वस्ताचा मोह का होतो, हे मला कळते. इंग्लंडमध्ये नैराश्याच्या 440 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णाला हळूहळू अर्थपूर्ण कृतींकडे परत आणणारी ‘बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन’ ही साधी पद्धत मानसिक आरोग्य सेवेतील कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी वापरली, तरी प्रशिक्षित थेरपिस्टनी दिलेल्या कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीपेक्षा (विचार आणि वागणे दोन्हींवर काम करणाऱ्या उपचारापेक्षा) परिणाम कमी पडला नाही, असे त्यात दिसले. पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात बाळंतपणाच्या काळात नैराश्य आलेल्या स्त्रियांना गावातल्या महिला आरोग्य सेविकांनी घरी जाऊन बोलण्यातून मदत केली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर मदत मिळालेल्या गटात 23 टक्के, तर दुसऱ्या गटात 53 टक्के स्त्रियांना नैराश्य होते. हे आकडे पाहिले की थोड्या दिवसांचे प्रशिक्षण पुरते असा निष्कर्ष निघतो, आणि तो फायलीत जाऊन बसतो.

पण त्या अभ्यासांमध्ये प्रशिक्षणानंतर काय झाले, हे फायलीत येत नाही. उपचार करणाऱ्या या सर्वांना उपचार चालू असेपर्यंत नियमित पर्यवेक्षण होते. गोव्यात नैराश्यासाठी सामान्य समुपदेशकांकडून सहा ते आठ सत्रांचा उपचार देऊन झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर समुपदेशक एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांना गुण देत असत. वर्ग लहान होता, पण त्याच्यामागे उभी केलेली व्यवस्था लहान नव्हती. ती व्यवस्था वगळून केवळ दिवसांचा आकडा उचलणे म्हणजे धान्य सोडून कोंडा घरी नेणे होय.

अमेरिकेचा अनुभव दुसऱ्या बाजूने बोलका आहे. तिथे मनोविकार नर्स प्रॅक्टिशनरच्या कार्यकक्षेत सायकोथेरपी अधिकृतपणे आहे. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास पूर्वी 500 असत. 2022 च्या राष्ट्रीय मानकांनी ते 750 केले. परंतु या तासांतच मूल्यमापन, निदान, औषधयोजना आणि सायकोथेरपी हे सगळे बसवायचे असते, आणि सायकोथेरपीच्या वाट्याला किती यावेत हे प्रत्येक संस्थेवर पुष्कळ अवलंबून राहते. एकदा औषधे लिहिण्याचा अधिकार हाती आला की व्यवस्था त्या माणसाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटींकडे ओढते, कारण मोजायला त्या सोप्या असतात. शिकलेले कौशल्य न वापरल्याने गंजते. आपण हे पद नव्याने घडवणार असू, तर हा धोका आधीच ओळखून बांध घालता येईल.

मानसशास्त्रज्ञांची हरकत मी हलकी मानत नाही. आपण वर्षानुवर्षे शिकलो ते काम कमी शिकलेल्यांकडे सोपवले जात आहे, ही त्यांची तक्रार केवळ हक्काची नाही. त्यात रुग्णांची काळजीही आहे. सायकोथेरपीने काही रुग्णांची प्रकृती बिघडते. प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के सांगितले जाते, आणि कोणत्या रुग्णाची बिघडते आहे हे उपचार करणाऱ्याला स्वतःला सहसा ओळखता येत नाही. त्यामुळे पहिल्या टप्प्यात परिचारिकांनी सौम्य व मध्यम नैराश्य, भयगंड, पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) आणि साधा मंत्रचळ एवढेच रुग्ण घ्यावेत, आणि बालपणातील अत्याचाराचे खोल परिणाम किंवा व्यक्तिमत्त्वाचे विकार असलेले रुग्ण अनुभवी थेरपिस्टकडे पाठवावेत. मानसशास्त्रज्ञांना या योजनेत पर्यवेक्षक म्हणून मानाने आणि मानधनासह बोलावले, तर त्यांची हरकतच योजनेचा आधार होईल.

माझी विनंती अशी आहे, की आरंभ दोनशे परिचारिकांनी करू नये, दहा-बारांनी करावा. पहिले वर्ष पर्यवेक्षक तयार करण्यात गेले तरी चालेल, कारण त्यांच्याशिवाय पुढच्या तुकड्या कोरड्याच जातील. प्रशिक्षणार्थींना दहा पद्धतींची ओळख करून देण्यापेक्षा दोनच नीट शिकवाव्यात : नैराश्यासाठी बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन आणि भीतीच्या आजारांसाठी टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा उपचार. प्रत्येकीने किमान आठ रुग्णांचा उपचार पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत पूर्ण केल्याखेरीज प्रमाणपत्र देऊ नये. आठ हा आकडा माझ्या शिकवण्याच्या अनुभवातला आहे, तज्ज्ञ समितीला तो बदलावासा वाटला तर तिने अवश्य बदलावा. मात्र आकडा रुग्णांचा असावा, व्याख्यानांचा नसावा. रुग्णाची लेखी संमती घेऊन सत्रांचे ध्वनिमुद्रण व्हावे, ते कोण ऐकेल आणि केव्हा नष्ट केले जाईल हे रुग्णाला आधी सांगितले जावे, आणि नाही म्हणणाऱ्याच्या उपचारात कसलाही फरक पडू नये. प्रत्येक सत्राआधी रुग्णाने नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-9 सारखी छोटी प्रश्नावली भरावी, म्हणजे प्रकृती खालावत असल्यास ते परिचारिकेच्या अंदाजावर सोडले जाणार नाही.

आणि एक बाब ड्युटीच्या तक्त्याची, जी धोरणाच्या मसुद्यात कधीच येत नाही. सायकोथेरपी करणाऱ्या परिचारिकेला सत्र चालू असताना इंजेक्शनसाठी, राउंडसाठी किंवा ओपीडीतील गर्दी आवरण्यासाठी उठवले गेले, तर रुग्ण दुसऱ्यांदा मन उघडत नाही. तिचे सत्रांचे तास तक्त्यात अडवलेले असावेत, त्या वेळेत वॉर्डात दुसरी परिचारिका असावी, आणि दार लावता येईल अशी एक खोली असावी. आठवड्यातला पर्यवेक्षणाचा एक तासही त्याच तक्त्यात ड्युटी म्हणून लिहिलेला असावा. रात्रपाळी संपवून, झोप मोडून यायची ती ऐच्छिक बैठक नसावी. मी पाहिलेले जवळपास प्रत्येक चांगले प्रशिक्षण या एका तासाच्या अभावी दीड-दोन वर्षांत विरले आहे.

आपल्या विभागाने आदेश काढताना प्रशिक्षणाच्या दिवसांच्या रकान्याशेजारी पर्यवेक्षकाचे नाव आणि पर्यवेक्षणाचा वार यांसाठी दोन रकाने ठेवावेत, आणि ते भरलेले नसतील तर त्या केंद्राला तुकडी मंजूर करू नये, एवढे मागून मी थांबते.

आपली नम्र,
मनोविकार परिचर्येची एक शिक्षिका