‘ळ’ गाणारा आवाज हवा

मा. संपादक,

संगणकाकडून गाऊन घेतलेलं गाणं हे गाणंच नव्हे, असं थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. मी गाणी लिहिते, चाली लावते. गळा मात्र नाही. मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत लॅपटॉप, छोटा कीबोर्ड आणि हेडफोन एवढ्यावर पूर्ण गाणं उभं राहतं. सुरांखाली अक्षरं भरायची, सॉफ्टवेअर ती गातं.

त्यामागे माणूसच असतो. यामाहाचं व्होकॅलॉइड हे गाणारं सॉफ्टवेअर २००४मध्ये बाजारात आलं; त्यातला २००७चा गाजलेला ‘हात्सुने मिकू’ हा आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीच्या ध्वनिमुद्रित आवाजातून घडला. जपानी, इंग्रजी, कोरियन, चिनी, स्पॅनिश आवाज मिळतात. त्यांच्याकडून मराठी गाऊन घेताना मात्र फरफट होते. ‘आभाळ’मधल्या ळला जागाच नाही, ल घातला तर ओवी कुणी परक्यानं म्हटल्यासारखी वाटते. णचीही तीच गत. मग आख्खी ओळ बदलायची, आणि ते जिवाला लागतं. चांगली ओळ यंत्राच्या सोयीसाठी का टाकायची?

शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, संगणकशास्त्राचाही आहे. दोघांनी मिळून मराठी आवाजसंच तयार करावा. ळ, ण, ‘चमचा’तला आणि ‘चहा’तला च, सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांत गाऊन घ्यावं. पोवाड्याचा खडा आवाजही त्यात हवाच. मात्र गायकाची लेखी संमती आणि रास्त मानधन आधी. दिवंगत गायकांचा आवाज वारसांना न विचारता कुणीही वापरू नये.

– एक गीतलेखिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर