दुखलं की कळव

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवताना तू म्हणालास, "बाबा, तुमचा आवाज चढलाय. जे सांगायचं ते लिहून पाठवा." म्हणून लिहायला बसलोय. आई समोर गवार मोडतेय आणि मधूनच मान वर करून विचारतेय, "भाषण नाही ना सुरू केलंत?" नाही केलं. या पत्रात उपदेश करायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

आधी कामाचं. गोळ्या पाच दिवसांच्या दिल्यात तर पाच दिवस घ्यायच्या. सूज उतरली म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करायच्या नाहीत. रूट कॅनालची तारीख चुकवायची नाही. पैसे खात्यात टाकलेत. तुझ्याकडे आहेत हे ठाऊक आहे, तरी टाकलेत, परत पाठवू नकोस. अक्षयला माझा नमस्कार सांग. त्या पोराने रात्री साडेअकराला फोन केला नसता तर... जाऊ दे.

जाऊ दे म्हटलं खरं, पण मनातून जात नाही. गाल डोळ्यापर्यंत सुजेस्तोवर तू रोज ऑफिसला गेलास. रोज रात्री मी आपल्या नेहमीच्या नदीच्या भाषेत विचारलं, "तुझं पाणी किती फूट?" आणि रोज तू सांगितलंस, "तेवीस." आम्ही इकडे निवांत, पाणी पात्रात आहे म्हणून. मी चिडलो तेव्हा तू म्हणालास, "तुम्ही माझं विचारता. दाताचं विचारलं नव्हतं." आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला त्या दिवशी हसू आलं नाही. आज जरा येतंय.

दुखलं की सांगायचं रे. इतकंच म्हणणं आहे माझं, आणि पत्र इथंच संपायला हवं.

पण तुला आठवतं का ते मला माहीत नाही, सांगलीच्या गावभागातल्या घरात तुझ्या पायात काच घुसली होती. पाच-सहा वर्षांचा असशील. आक्कांच्या हातून बरणी फुटलेली, केर काढला तरी एक तुकडा कोनाड्याखाली राहिला असणार. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली तर शहाबादी फरशीवर पावलं उमटलेली, एक कोरडं, एक लाल, एक कोरडं, एक लाल, देव्हाऱ्यापासून सरळ खिडकीपर्यंत. आणि तू खिडकीत उभा राहून पावसाचे थेंब मोजत होतास. रडणं नाही, ओरडणं नाही. आईने पाय हातात घेतला तर मोजणी चुकली म्हणून रडलास. आणि हाच पोरगा कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून पलंगाखाली जायचा! आई किती वर्षं पातेल्यात भात शिजवत होती, विचार तिला.

आम्हाला दोघांना ते कोडं उलगडत नव्हतं. आवाज एवढा लागतो आणि काच लागत नाही? नातेवाइकांनी तर निकालच लावला, पोरगं निबर आहे. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, की स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांत संवेदनांचा काटा काही बाबतीत फार पुढे आणि काही बाबतीत फार मागे असू शकतो. 2013 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघाली, तिच्यात हे लक्षणांच्या यादीतच घातलंय. दुखण्याकडे, ऊन-गारठ्याकडे लक्षच नसल्यासारखं वाटणं, असं उदाहरण देऊन. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास. म्हणजे पुस्तकात यायच्या आधी आमच्या फरशीवर उमटलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखत नाही असं धरू नका, दुखतं पण ते त्याच्यापर्यंत आणि त्याच्याकडून तुमच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हापासून रोज रात्री आंघोळीच्या वेळी आई तुला नखशिखांत तपासायची. कानामागे, बोटांच्या बेचक्यात. तू कंटाळायचास. आता पुण्यात कोण तपासणार? कोणी तपासू नयेच, चोविसाव्या वर्षी. मग उरतं काय, तूच सांगणं.

बघ, पुन्हा तिथेच आलो.

आयर्विन पुलावरचं तुला सगळं आठवतं, त्यामुळे ते सांगून फुशारकी मारत नाही. मी पाटबंधारेत होतो म्हणून तुला पाण्याचं वेड लागलं असं लोक म्हणतात. माझं म्हणणं उलट आहे, तुझ्यामुळे मला लागलं. तोवर मी नुसते आकडे लिहीत होतो. तू 'आई' म्हणण्याआधी 'चाळीस' म्हणालास, पुलापाशी, पातळीच्या खुणेकडे बोट दाखवून, आणि आईने त्याबद्दल कृष्णामाईला अजून माफ केलेलं नाही. इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस, हे तुला अ-आ-इ आधी पाठ. नऊ वर्षांचा असताना आमच्या साहेबांना तू भर ऑफिसात सांगितलंस, "11,574 क्युसेक चोवीस तास सोडले की एक टीएमसी होतं, तुम्ही साडेअकरा हजार म्हणालात." साहेब हसले. मी घाबरलो होतो. आणि छातीही फुगली होती, ते कधी बोललो नाही तुझ्यापाशी.

मग 2019 चा ऑगस्ट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आपण विश्रामबागला मावशीकडे. दोन खोल्यांत तीन कुटुंबं, टीव्ही सुरू, बाळं रडतायत, नानाकाका प्रत्येकाला फोन लावून ओरडतायत, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीचे दरवाजे उघडले का. तू बाथरूमच्या दाराला पाठ लावून बसलेला, डोकं मागे आपटत. काय होतंय विचारलं, उत्तर नाही. दुखतंय का, नाही. भूक, नाही. मी हात टेकले होते. काय सुचलं कोण जाणे, विचारलं, "सोहम, तुझं पाणी किती फुटांवर आहे?" आणि तू लगेच म्हणालास, "बावन्न. वाढतंय."

अठरा वर्षांत तुझ्या आतलं पहिल्यांदा असं आकड्यात कळलं मला. त्या रात्री तुला घेऊन जिन्यात बसलो, अंधारात. तासाभराने म्हणालास, "एकोणपन्नास. उतार आहे." घरात चिखल किती, फ्रीज गेला की राहिला, याची मला त्या क्षणी फिकीर नव्हती. भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती तिच्या वरती नवी खूण आली, ती तूच पट्टी लावून मोजलीस नंतर.

तर ही मोजणी तुझी-माझी आहे. ती मोडू नये म्हणून सांगतोय. तुझं म्हणणं बरोबर आहे की मी एकच आकडा विचारतो. नदीलासुद्धा एका ठिकाणी मोजून भागत नाही. बहे, भिलवडी, आयर्विन, अंकली, सगळीकडची पातळी मागवतो आपण. तसं करू. रविवारी रात्री नऊला दात, कान, डोकं, पोट, पाय आणि मन, सहा ठिकाणचे सहा आकडे. व्हॉट्सॲपवर पाठव, फोन नको. आकडा ठरत नसेल तर 'माहीत नाही' असं लिही, रिकामं सोडू नकोस. चाळीसच्या वर काहीही असेल तर रविवारची वाट बघायची नाही. आणि दोन दिवस जेवण नेहमीपेक्षा कमी झालं तर तोही निरोप समजायचा. अक्षय म्हणाला तू चार दिवस नुसतं दूध पोहे खात होतास.

आता त्या फॉर्मचं. ज्यावरून तू फोन आपटलास. आपटला नाहीस, ठेवलास, बरं.

तू अठरा पूर्ण केलंस तेव्हापासून लोक सांगतायत. 1999 च्या नॅशनल ट्रस्टच्या कायद्याप्रमाणे ऑटिझम असलेल्या सज्ञान माणसासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या समितीकडे अर्ज करायचा. मी तो आणून ठेवला होता. तू तेव्हा वाचलास आणि विचारलंस, "यात मला कुठे विचारलंय?" मी तो कपाटात ठेवून दिला. परवा अक्षयचा फोन आल्यावर पहाटे उठून पुन्हा बाहेर काढला. मी तुला म्हणालो, परत ये, नाहीतर हा भरतो. तू म्हणालास, "कलेक्टरांना कळवा, दात दुखत होता, नोकरी दुखत नव्हती."

त्या वाक्यावर मी काय बोलणार! पण माझी बाजू ऐक. तू लहान असताना दाखल्यासाठी आम्ही रांगेत उभे राहिलो तेव्हा 1995 च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, ऑटिझम त्यांत नव्हताच. 'मतिमंद' लिहून घ्या नाहीतर जा. आई म्हणाली घेऊ, पोराचं अडायला नको. मी म्हणालो नाही. दोघं रिक्षात एकमेकांशी न बोलता घरी आलो. 2016 चा कायदा आला, त्यात 21 प्रकार आले, ऑटिझम स्वतःच्या नावाने आला, तोवर तू दहावीच्या उंबरठ्यावर होतास. इतकी वर्षं तुझ्या वतीने कागदांशी भांडलो की आता तू स्वतः बोलतोस तेव्हा मला थांबायचं सुचत नाही. त्या 2016 च्या कायद्यात चौदावं कलम आहे, मर्यादित पालकत्वाचं. एकट्या पालकाने ठरवायचं नाही, दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवून मिळून ठरवायचं, असं ते आहे. ते वाच. मला ते पटलं. आईचं म्हणणं, त्यालाही कलम कशाला लागतं, आपण काय परके आहोत?

फॉर्म फाडलेला नाही. खोटं लिहून तुझ्याशी भागत नाही. कपाटात आहे. भरलेलाही नाही.

भीती कसली वाटते ते लिहितो आणि हा विषय बंद करतो. मी बासष्टचा झालो. आई मधुमेह घेऊन फिरते. उद्या तुझं काही दुखलं आणि विचारणारं कोणी नसलं, तर तू तेवीस फूट सांगत राहशील आणि समोरचा 'बरं' म्हणून निघून जाईल. अक्षय आज आहे, त्याचं लग्न ठरलं की तो दुसरीकडे. ताई म्हणते मी आहे ना, पण तिचा संसार नाशकात, तिच्यावर हे ओझं टाकायचं नाही असं मी आणि आईने ती कॉलेजात असतानाच ठरवलंय. तिला सांगू नकोस हं हे. म्हणून तुला स्वतःलाच यायला हवं. डॉक्टरांसमोर बसल्यावर ते म्हणतील, "काय होतंय?" तर 'काही नाही' म्हणायचं नाही. कुठे, कधीपासून, खाताना की झोपताना, गार लागतं का गरम, हे कागदावर लिहून न्यायचं. आधीच सांगायचं की मला ऑटिझम आहे, माझ्या चेहऱ्यावरून दुखणं कळत नाही. लाजायचं नाही. ज्याला ऐकायचं नाही तो डॉक्टर बदलायचा. आणि...

झालंच की भाषण. आईने गवार संपवून वाचलं आणि म्हणाली, "स्वतःचा गुडघा सहा महिने लपवला तो कोणी?" तिच्याकडे दुर्लक्ष कर.

आईचं एक सांगायचं राहिलंय, ती स्वतः सांगणार नाही. तू बोलत नव्हतास तेव्हा मिरजेच्या आत्यांनी तिला सुनावलं होतं, पंधराव्या महिन्याला ती गोवर-गालगुंडाची लस टोचून आणलीस म्हणून झालं. आईने तोंडाने 'छे' म्हटलं, पण मनात धरून बसली. 2010 मध्ये बातमी आली की त्या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 1998 चा तो वेकफिल्डचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला. सगळा डोलारा बारा मुलांच्या निरीक्षणावर उभा होता. मी कात्रण आणून दिलं. तिने वाचलं, घडी केली आणि लोणच्यांच्या वहीत ठेवून दिलं. परवा सूज ऐकल्यावर तिने पहिल्यांदा काय विचारलं ठाऊक आहे? "मी लहानपणी त्याचे दात नीट घासले नाहीत का हो?" तिला एक मेसेज टाक, की दाताचा तिच्याशी संबंध नाही. तुझं ती खरं मानते.

नोकरीबद्दल आता मी काही बोलणार नाही. वारणेचा कृष्णेशी संगम तुमच्या ऑफिसच्या नकाशात हरिपूरच्या वरच्या अंगाला पडला होता आणि तू तो खाली आणलास, हे मी बँकेत, दळणाला, जिथे उभा राहीन तिथे सांगतो. परवा कृष्णाकाठी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं तर एकजण म्हणाला, "तुमचाच तो, बोलत नव्हता तो?" म्हटलं, तोच. आता चुका काढतो.

गणपतीला ये. कोयना एक्सप्रेसचं बुकिंग तू कर, मला ते ॲप जमत नाही. आलास की राहा म्हणणार नाही. एकदाच म्हणेन.

तुझा,
बाबा

ता. क. आईने भडंग पाठवलाय. दाणे त्या बाजूने चावू नकोस. दाताचा आजचा आकडा कळव.