व्होल्ट आहेत, पण अँपिअर?

अटलांटा,
18 जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

"तू तिकडे नेमकं करतेस काय?" आईने परवा विचारलं आणि नेमका फोन कटला. सुटले! आता तुम्हालाच लिहिते, तिला तुम्ही समजवा.

इथे थंडीत हीटरने घरातली हवा पार कोरडी होते. स्वेटर काढला की चटचट, दाराच्या मुठीला हात लावला की झटका. त्याच झटक्यातून वीज काढायची, हे माझं काम आहे. माझ्याकडे एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे आणि मागून तांबं चढवलेला टेफ्लॉनचा पातळ कागद (तव्यावरचंच टेफ्लॉन). दोन्ही टेकले की टेफ्लॉन पट्टीतले इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि सोडत नाही. पट्टी उचलली की तोल सावरायला मागच्या तांब्यातले इलेक्ट्रॉन तारेतून पट्टीकडे धावतात. दाबली की परत. म्हणजे एसीच. डायोडचा ब्रिज लावून त्याचं डीसी करायचं आणि कपॅसिटर भरायचा. 2012 मध्ये इथल्याच जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने असं जनित्र करून दाखवलं.

"अँपिअर किती?" हे तुम्ही विचारणारच. तिथेच गोची आहे. व्होल्ट शेकड्यांत, करंट मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांत. तळहाताने थाप मारली की एलईडीची माळ क्षणभर लखलखते, बघायला आलेले खूश होतात. पण पंख्याचं पातं त्यावर हलायचं नाही. चालता चालता मोबाईल चार्ज होणार असं कुठे वाचलंत तर निम्मं सोडून द्या. मला विचाराल तर खरा उपयोग छोट्या सेन्सरला, जिथे सेल बदलत बसणं परवडत नाही. तुमचा मल्टिमीटरही इथे फसेल. त्याचा रोध 1 कोटी ओहम असला तरी या जनित्रापुढे तो कमीच पडतो.

जुलैत आठवडाभर माझं रीडिंग घसरत होतं. सगळ्या जोडांना पुन्हा डाग दिले, गोंदाला शिव्या घातल्या. शेवटी लक्षात आलं, हवेतली ओल! पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर धरतो आणि चार्ज निसटतो. आता नमुना सीलबंद करते.

मोटार रिवाइंड करताना तुम्ही स्लॉटमध्ये घालता तो मायलरचा कागदही यात चालतो. चार तुकडे बाजूला ठेवा. मेमध्ये येते तेव्हा दुकानातल्या बाकावरच एक जोडू, आणि देवरुखच्या पहिल्या पावसात किती दम धरतो ते बघू.

आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची,
मनू