अण्णा, कीबोर्डला हात न लावल्याबद्दल

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही लेकीकडे पुण्याला गेलात त्याला चार महिने झाले. आभार मानायचे राहूनच गेले होते. समोर असताना मानले असते तर "असू द्या ओ बाई" म्हणून तुम्ही पुस्तकांच्या कपाटाकडे वळला असतात. म्हणून हे उघड पत्र. वाचनालयातल्या सगळ्यांनाही कळू दे.

निमित्त मागच्या गुरुवारचं. दुपारी लाइट गेली, तासाभराने इन्व्हर्टरनेही मान टाकली आणि आपला सर्व्हर, म्हणजे पुस्तकांची यादी सगळ्यांच्या मोबाईलवर दाखवणारं ते छोटं यंत्र, बंद पडला. लाइट आल्यावर मी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर तारीख-वेळ सेट नसल्याची तक्रार आणि खाली "एफ 1 दाबा". दाबलं. आतली तारीख निघाली 2009 ची! ती दुरुस्त केली, लिनक्स, म्हणजे त्यावरची विंडोजसारखी प्रणाली, सुरू झालं, तरी पुस्तकांची यादी काही उघडेना. अभ्यासिकेतली पोरं दारात उभी. पूर्वीची मी असते तर तुम्हाला फोन केला असता. या वेळी खुर्ची ओढून बसले.

ही खुर्ची ओढून बसण्याची सवय तुमची.

आठवतंय ना, सुरुवातीला मला तो जाडजूड डेस्कटॉपच हवा होता. मोठा डबा म्हणजे दमदार, असा माझा हिशेब. तुम्ही सभासद अर्जाच्या पाठीमागे पेन्सिलने मांडलंत: शंभर वॉट, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला 72 युनिट. मग कपाटाच्या तळाशी पडलेलं, एका सभासदाने देऊन टाकलेलं छोटं नेटबुक काढलंत. त्याचे साधारण बारा वॉट धरले तर महिन्याला नऊ युनिटसुद्धा नाहीत. "बिल कोण भरतंय?" एवढंच विचारलंत. ते पालथं करून फुगलेली बॅटरी आधी बाहेर काढलीत, ई-कचऱ्यासाठी वेगळी ठेवलीत आणि तिच्याशिवाय, नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर ते चालतं हे दाखवलंत.

अ‍ॅटम एन 270 प्रोसेसर, 1 जीबी रॅम, आणि यंत्र जुन्या 32 बिट प्रकारचं. आजच्या कुठल्याही मोबाईलने हसावं असं यंत्र. तुम्ही पेनड्राइव्हवर डेबियन 12, लिनक्सचाच एक फुकट प्रकार, आणलंत आणि मला समोर बसवलंत. मी म्हटलं, तुम्हीच करा, मी बघते. त्यावर तुम्ही दोन्ही हात मांडीखाली घालून बसलात. खरोखर मांडीखाली! "टाइप करा की. चावत नसतंय ते." पुढचे सहा रविवार ते हात बाहेर आले ते फक्त चहाच्या कपासाठी.

मला राग यायचा, खरं सांगते. जे तुम्ही दहा मिनिटांत केलं असतंत त्याला मला दीड तास लागायचा. काही चुकलं की तुमचा एकच प्रश्न, "काय म्हणतंय ते? मोठ्यानं वाचा." मी इंग्रजी ओळ वाचायची, अर्थ लावायचा, आणि बऱ्याचदा उत्तर त्या ओळीतच असायचं. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपपुढे टिक होती, ती मला काढायला लावलीत. शेवटी पडद्यावर नुसता लुकलुकणारा कर्सर उरला आणि मला वाटलं, बिघडवलं आपण. तुम्ही मेमरी किती वापरात आहे ते सांगणारी 'फ्री' ही कमांड टाइप करायला लावलीत. 1 जीबीतली जेमतेम शंभर एमबी खर्ची पडली होती. बाकीची सगळी आपल्या कामाला मोकळी.

झाकण मिटलं की ते झोपी जायचं, ते एका फाईलमध्ये 'इग्नोर' लिहून मिटलं. उन्हाळ्याची भीती मात्र मला जास्त होती, आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 ला टेकतो. तुम्ही पिशवीतून चार रिकाम्या कांड्या काढल्यात, यंत्रमागावरच्या, जुन्या, एकीवर अजून हिरव्या सुताचा धागा गुंडाळलेला. टेबलावर त्या आडव्या ठेवून वर नेटबुक ठेवलंत. खालून हवा खेळायला लागली. आजही ते त्यावरच आहे, हिरवा धागाही तसाच.

बाहेरच्या जगाला यादी दिसावी हा माझा हट्ट फसला, त्याचं श्रेयसुद्धा तुम्हालाच. राउटरमध्ये 80 नंबरचा पोर्ट, म्हणजे वेबपानांची वाट, उघडला तरी बाहेरून काही दिसेना. तुम्ही राउटरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पाहायला लावलात: तो 100 ने सुरू होत होता आणि बाहेरून दिसणारा वेगळाच होता, म्हणजे कंपनीने एकच पत्ता अनेकांत वाटला होता. "वाड्याला एकच दरवाजा आहे, आत बिऱ्हाडं शंभर. पोस्टमन आपल्या खोलीपर्यंत येणार कसा?" स्वतंत्र आयपीला जादा पैसे. मग तुम्हीच म्हणालात, आधी वाचनालयाच्या भिंतींत तरी चालू द्या. म्हणून आज दारावर 192.168 ने सुरू होणारा पत्ता चिकटवलाय. 4,300 पुस्तकांची यादी, अक्षरागणिक एक साधं पान. डेटाबेस नाही, काही नाही. मोबाईलवर पान उघडून नाव शोधायचं. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचता येतो त्या किविक्समधून मराठी विकिपीडियाही ठेवलाय. अभ्यासिकेतली एक मुलगी परवा त्यावर सोलापूरच्या चार हुतात्म्यांबद्दल वाचून आली आणि म्हणाली, 1930 च्या मार्शल लॉवर काही पुस्तक आहे का? आहे, एक दिलं. यादी टंकताना झालेल्या मानदुखीची भरपाई झाली.

तर गुरुवार. तुमच्यासारखंच स्वतःला म्हटलं, मोठ्यानं वाच. पानं मोबाईलपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, 'एनजिनेक्स', सुरूच झालेला नव्हता. तपासणीची कमांड दिली, 'एनजिनेक्स हायफन टी'. तिने फाईलचं नाव आणि ओळ सांगितली, चौदावी. आदल्या दिवशी मी नवीन पानासाठी तिथे बदल केला होता आणि शेवटचा अर्धविराम विसरले होते. एनजिनेक्स जुन्याच सेटिंगवर चालू होता म्हणून चूक दिसली नाही. लाइट गेली, यंत्र नव्याने उठलं आणि ती उघडी पडली. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाच्या कार्डातलं एक भोक चुकलं तर अख्ख्या चादरीवर फूल वाकडं येतं, असं तुम्ही जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारे, असतानाचं सांगत होता. आमचं फूल तर उमटलंच नाही. अर्धविराम टाकला, पुन्हा तपासलं, सुरू केलं. वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी नवी पेठेतून यंत्राचं घड्याळ चालू ठेवणारा 2032 चा चकतीसारखा सेल आणला, एका पोराने मागचे स्क्रू काढले आणि तारीख आता जागेवर राहते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. उलट उशिरा परत केलेल्या पुस्तकाचा अकरा रुपये दंड, मी नको म्हणत असताना, मोजून ठेवलात. पावती तुमच्या कार्डाला टाचून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र पुढ्यात आहे. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं आणि 32 बिटच्या यंत्रांसाठी त्याचा इन्स्टॉलरच नाही. म्हणजे आपलं म्हातारं 12 वरच थांबणार, आणि सुरक्षेचे अपडेट कधीतरी संपणार. कपाटात एक 64 बिटचा कोअर टू ड्युओ लॅपटॉप आहे, झाकण तुटलेला. वॉट गुणिले तास गुणिले दिवस असं मी मांडून पाहिलंय, अर्जाच्या पाठीमागेच, तुमच्या आकड्यांच्या खाली. गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला याल तेव्हा तेवढं तपासा. हात मांडीखालीच ठेवून.

आपली,
वाचनालयाच्या बाई