हिवाळा नुसता ढकलू नकोस

18 डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘मार्च कधी येतोय याची वाट बघतोय’ हे वाक्य वाचलं आणि काळजीच वाटली. अजून डिसेंबर सरायचाय, आणि तुझ्या त्या शहरात थंडी चांगली चार-पाच महिने मुक्काम ठोकते. दर वर्षी एवढे महिने नुसते ढकलायचे म्हटलं तर आयुष्याचा केवढा तुकडा वाट बघण्यातच जाईल! म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय. मला हा ऋतू आता मनापासून आवडतो आणि तुलाही आवडावा अशी फार इच्छा आहे.

आधी उजेडाचं बोलू. अंधारात घर सोडायचं आणि अंधारातच परतायचं, असं तू लिहिलंयस. माझ्या मते माणूस थंडीपेक्षा या अंधारानेच जास्त खचतो. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर पडत जा, आभाळ भरून आलेलं असलं तरी. दिवे लावलेल्या खोलीत साधारण 300 ते 500 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा बहुधा 1,000 च्या वर, आणि जमिनीवर ताजा बर्फ असेल तर आणखी जास्त, कारण तो आलेला बहुतेक प्रकाश परत वर फेकतो. खोलीतला उजेड वाचायला पुरतो, शरीराच्या घड्याळाला पुरत नाही. दिवस झाला हे त्याला बाहेरच कळतं.

मात्र आठवडेच्या आठवडे कशात मन लागत नसेल, झोप संपता संपत नसेल, तर ते अंगावर काढू नकोस. हिवाळ्यात येणारं हे नैराश्य डॉ. नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये नीट मांडलं. त्यावर उपचार आहेत. सकाळी 10,000 लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसणं हा त्यातलाच एक. पण आधी डॉक्टरांना भेट, दिवा नंतर.

एक आनंदाची गोष्ट सांगू? वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरला येतो, पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या आधीच होऊन जातो. म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझी संध्याकाळ लांबायला लागलेली असेल. सकाळ मात्र आणखी काही दिवस रेंगाळेल, तेवढा धीर धर.

कपड्यांत कंजुषी नको. एका जाडजूड कोटावर भरवसा ठेवण्यापेक्षा थर चढव. अंगालगत लोकरीचं किंवा घाम शोषून न ठेवणारं थर्मल, त्यावर ऊब धरणारं काहीतरी आणि सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट. सुती बनियन घामाने ओला झाला की अंगातली ऊब खेचून घेतो, तो टाळच. बोटं फार गारठत असतील तर चारही बोटं एकत्र राहतील असे हातमोजे घे, एकमेकांच्या उबेने ती तगतात. आणि बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठला असेल, तर सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो, असतो मात्र काचेसारखा. तिथे छोटी पावलं, अख्खा तळवा टेकवत, आणि हात खिशाबाहेर.

हे सगळं केलं म्हणजे थंडी सोसता येते. आवडायला मात्र मनही वळवावं लागतं. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. केरी लीबोविट्झ ही मानसशास्त्राची अभ्यासक तिथे जाऊन राहिली. तिला असं आढळलं की जितकं उत्तरेला जावं तितकं लोकांचं हिवाळ्याकडे बघणं अधिक उमदं होत जातं. तिथली माणसं हिवाळ्याला अडचण न मानता त्या दिवसांत करायच्या गोष्टी शोधतात. मला हे शंभर टक्के पटतं. म्हणून तूही काही गोष्टी हिवाळ्यासाठीच राखून ठेव. एखादं जाडजूड पुस्तक, शिकायचं राहिलेलं वाद्य, दर आठवड्याला कोणाला तरी घरी बोलावणं. बोलावणं तर सोडूच नकोस, कारण थंडीत माणसं आपणहून भेटत नाहीत.

आणि बर्फ जवळून बघ रे! वारा पडलेला असताना भुरभुर सुरू झाली की गडद रंगाची बाही पुढे धर. बाही गार झालेली हवी, नाहीतर कण लगेच विरघळतात. तोंड बाजूला वळवून श्वास सोड आणि भिंगातून पाहा. पारा उणे 15 च्या आसपास असला तर फांद्या फुटलेल्या सहा हातांच्या चांदण्या दिसतात. उणे 5 च्या जवळपास बारीक सुया. खरा हिशेब अर्थात वरच्या ढगातल्या तापमानाचा आणि दमटपणाचा. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या विल्सन बेंटलीने 1885 मध्ये अशा एका कणाचं सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेतलं आणि पुढे जन्मभर हजारोंनी घेतली. एकदा बघितलंस की त्याचं वेड कळेल.

रात्री आभाळ निवळलं तर दहा मिनिटं खाली उतर. दिव्यांच्या झगमगाटातही मृग नक्षत्र ठळक दिसतं. त्याच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली डावीकडे लांबवलीस की व्याध सापडेल, रात्रीच्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा.

पुढच्या पत्रात तुझ्या घराची कोणती खिडकी दक्षिणेकडे आहे ते नक्की लिही. हिवाळ्यात सूर्य खाली उतरलेला असतो, त्यामुळे त्याच खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. तुझं टेबल तिथे हलव. फेब्रुवारीत मी यायचं म्हणतोय, मुद्दाम थंडीतच. चांगले बूट तेवढे आत्ताच घेऊन ठेव, आल्यावर खूप चालायचंय.

तुझा,
जुना मित्र