वादळातल्या अनोळखी हातांना

वडील गेले तेव्हा रावेर पट्ट्यात वादळ होतं. वीज बंद, रस्त्यावर झाडं आडवी. ज्यांची नावंही विचारायची राहिली, त्या सगळ्यांचे आभार.

बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळून वडिलांच्या पोटाशी लावणाऱ्यांचे. उकाड्यात आधी पोटच फुगतं. खळ्यातलं ३ क्विंटल कोरडं लाकूड काढून देणाऱ्या दादांचे; ओलं सरण नुसतं धुमसतं, कितीही डिझेल ओता. खाली गोवऱ्या रचून हवेला फट ठेवणाऱ्यांचे. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला घ्या, २१ दिवसांत नोंदवा, विलंब शुल्क लागत नाही, हे फोनवर समजावणाऱ्या ताईंचे.

दारावर येता आलं नाही म्हणून रोज रात्री मेसेजवर ‘जेवलात का?’ एवढंच विचारणाऱ्यांचेही. लांबलचक सांत्वन तेव्हा वाचवतच नाही.

गंधमुक्ती (उत्तरकार्याचा विधी) बुधवारी, घरीच.